वर माणूस न्हाई बसत

हे मी आजवर कुणाशी बोललेले नाही. नवऱ्याशीही नाही — आणि त्याच्याशी मी एरवी काय बोलत नाही? दुधात पाणी गवळ्यानं घातलं की मी, इतकंसुद्धा सांगून टाकते. मग हेच का राहिलं? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. ओळखणारी माणसं माझं फार कौतुक करतात, आणि कौतुक करणाऱ्यापुढे तोंड उघडणं अवघड असतं.

'माणसं' म्हणाले बघा. सगळं त्या शब्दापाशीच सुरू होतं. पण त्याआधी थोडं दुसरं सांगते — मला एकदम तिथे जाववत नाही.

पानशेतचं धरण फुटलं त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा लोणावळ्यात एका इंजिनियरसाहेबांच्या ऑफिसात ट्रेसर होते. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढायचे, त्यावर ट्रेसिंगचं कापड पसरून मी तो शाईनं गिरवायचे. पावसाळ्यात धुकं खिडकीतून सरळ टेबलापर्यंत यायचं, कापड सादळायचं आणि रेघ फुटायची. मग शेगडी पेटवून कापड शेकत बसायचं. कामं बहुतेक मुंबईकरांच्या बंगल्यांची. साहेब बडोद्याला वाढलेले. मराठी चोख बोलायचे, पण पुस्तकातल्यासारखं. माणूस भला होता. ट्रेसरनं गिरवावं आणि घरी जावं, एवढीच माझी पायरी. तरी मी काही विचारलं की ते हातातली पेन्सिल खाली ठेवून समजावून सांगायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भार म्हणजे काय ते त्यांनीच मला शिकवलं. "इमारतीवर दोन जातींचे भार असतात, हंसाबाई," ते म्हणायचे. "एक तिचा स्वतःचा — दगड, लाकूड, कौलं. तो उठून कुठे जात नाही. दुसरा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. पहिला मोजायचा असतो, दुसरा विचारायचा असतो." मग तो भार खाली कसा उतरतो ते नकाशावर बोटानं दाखवायचे — फळीवरून आडव्या लाकडांवर, तिथून मोठ्या तुळईवर, तुळईवरून दोन्हीकडच्या भिंतींवर, भिंतींतून पायात आणि पायातून जमिनीत. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचं असंच तर असतं, मला वाटायचं. वजन डोक्यावर, आणि ठणकतात टाचा. पण हे मी मोठ्यानं कधी म्हटलं नाही. पुण्याच्या मुलीला डोक्यावरचा हंडा कुठून माहीत असणार?

मी पुण्याची नव्हते. कामशेतच्या अलीकडे, भाताच्या खाचरांमधलं आमचं गाव. घरी माझं नाव हौसा. मामानं शिकायला पुण्याला नेलं, शाळेत मास्तरांनी हौसाचं हंसा केलं, आणि मामीनं माझी जीभ घासूनपुसून घेतली. 'न्हाई' म्हटलं की ती ताटातली पोळी उचलायची. थोड्याच दिवसांत मला 'नाही' यायला लागलं. नोकरीला लागले तेव्हा कुठली म्हणून विचारलं, तर 'पुण्याची' म्हणाले. अगदीच खोटं नव्हतं ते, नाही का? ऑफिसातले ड्राफ्ट्समन मोठे नकलाकार. खेड्यातलं कुणी काम घेऊन आलं की ते जिना उतरायच्या आत यांची 'आमी-तुमी' सुरू व्हायची. सगळे हसायचे, आणि सगळ्यांच्या आधी मी हसायचे.

अशात पवनेच्या खोऱ्यातल्या एका गावानं समाजमंदिर बांधायचं ठरवलं आणि ते काम साहेबांकडे आलं. जागा बघायला निघाले तेव्हा टेप धरायला त्यांनी मला बरोबर घेतलं. गावचे आबा पुढे होते — त्यांच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं. त्यांच्या मागे पाच-दहा गडी, आणि लांब देवळाच्या भिंतीशी पदर सावरून उभ्या राहिलेल्या बाया. त्यांत सोनामावशी होती. सगळ्या गावाची मावशी. बायांचं भजन तिच्याच गळ्यावर आणि तिच्याच टाळावर चालायचं. त्या दिवशी मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

आबांना काय हवं ते त्यांच्या मनात पक्कं होतं. "दगडी भिंती, वर कौलं. मंदी खांब नगं — माणसांना बुवा दिसला पायजे. आन् मागच्या अंगाला वर एक सज्जा."

"सज्जा कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

"लागतोय की. सतरंज्या, पखवाज, बत्त्या ठिवायला नगं का?"

"आणि माणसं? वर माणसं बसणार का?"

आबांना हसूच आलं. "छ्या. माणसं समदी खालीच बसत्यात. वर माणूस न्हाई बसत."

बाकीच्या गड्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी लिहून घेतलं. तुम्हाला काय ऐकू आलं? साहेबांना तेच ऐकू आलं. पण आमच्या मावळात नुसतं 'माणूस' म्हटलं की तो गडी. बाई असेल तर बाई म्हणतात, फार तर बायामाणूस. दारावर कुणी येऊन विचारलं, घरात कोण आहे, तर उंबऱ्यात उभी असलेली बाई सांगते, 'घरात माणूस न्हाई.' स्वतः उभी राहून सांगते. आणि विचारणाराही ते ऐकून परत जातो.

तेव्हा आबा काही लपवत नव्हते. सज्ज्यात बाया बसणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सज्जा होताच त्यांच्यासाठी. तोवर कीर्तनाला त्या देवळाबाहेर उभ्या राहायच्या, उन्हात पदर घेऊन आणि पावसात इरलं घेऊन, भिंतीआडून जे ऐकू येईल ते ऐकायच्या. सोनामावशीनं आबांचं डोकं खाऊन खाऊन तो सज्जा मिळवला होता. भिंतीशी उभी राहून ती हे बोलणं ऐकत होती, आणि तिलाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. का वाटावं? आबा खरंच बोलत होते.

मला वाटलं, साहेबांच्या लक्षात आलं असेल.

नाही — हे आत्ता मी खोटं लिहिलं. त्यांच्या लक्षात आलेलं नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं.

ऑफिसात आल्यावर साहेबांनी सज्जा हा सामानाचा माळा धरला आणि त्या हिशेबानं लाकूड काढलं. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक तुळई, मधे खांब नाही. सतरंज्या आणि पखवाजाला तेवढी भरपूर होती. आबांनी कठडाही मागितला होता. साहेब म्हणाले, असू दे, दिसायला बरं. सतरंज्यांना कठडा कशाला लागतो, हे त्यांना सुचलं नाही. मी मात्र तो कठडा शाईनं गिरवला. एकेक गज गिरवताना मला कळत होतं की ह्या गजांतून पोरं हात बाहेर काढून उभी राहणार.

बोलायचं तरी किती होतं? 'साहेब, आमच्याकडे माणूस म्हणजे गडी.' एवढंच. पण त्यात 'आमच्याकडे' हा शब्द होता, आणि शेजारच्या टेबलाशी ड्राफ्ट्समन बसले होते. उद्या बोलू, परवा बोलू, असं करता करता तुळई भिंतीत बसली. मी मनाची समजूत घातली की साहेबांचा हिशेब नेहमी चार बोटं जादाच असतो.

चैत्रात गावचा हरिनाम सप्ताह नव्या इमारतीत झाला. शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला, साहेबांना मानाचं बोलावणं होतं. त्यांना अगदी पुढे, बुवांसमोर बसवलं, म्हणजे त्यांची पाठ सज्ज्याकडे. मी दारात होते, आणि माझ्यासमोरून बाया जिना चढत होत्या. नवी लुगडी, कडेवर पोरं, कुणाच्या हातात पाण्याचा तांब्या. इतक्या हसत होत्या की आबांनी एकदा मागे वळून दटावलं. सोनामावशीनं माझं मनगट धरलं. "ये की वर, बाई. वरनं बुवा लय झ्याक दिसतोय म्हनं."

मी म्हटलं, "मी इथेच बरी. साहेबांच्या चपला सांभाळायच्या आहेत."

हेच ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही — यातला पहिला तुकडा तरी. मी वर गेले नाही, कारण मला माहीत होतं. तिचा हात सोडवला आणि तिला वर जाऊ दिलं.

काला सुरू झाला तशी खाली माणसं उभी राहिली, टाळ्या धरल्या, उड्या मारायला लागली. वर बायाही उठल्या. मग वाळला बांबू मोडावा तसा एकच आवाज आला. पखवाज थांबला. तुळई मधोमध चिरली होती आणि कठडा पुढे झुकला होता. एका सेकंदात सगळ्या जिन्याकडे धावल्या असत्या तर काय झालं असतं, ते मी आजही पुरतं मनात आणत नाही. पण वरून सोनामावशीचा आवाज आला, भजनात पुढची ओळ सांगावी तसा. "पळायचं न्हाई कुनी. भिताडाला टेका समद्या. पोरं आदी. एकेक." आणि त्या खरंच भिंतीला टेकल्या. एकेक पोर खाली आलं, एकेक बाई खाली आली. साहेब जिन्याशी उभे राहून प्रत्येकीला हात देत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. सोनामावशी सगळ्यांत शेवटी निघाली. जिन्याला पाय लावणार तेवढ्यात तिच्या पायाखालची फळी निसटली.

जीव वाचला. उजवं मनगट मोडलं, तेच, ज्यानं ती टाळ वाजवायची.

मग भांडण. साहेब म्हणाले, मला सांगितलं होतं की वर माणूस बसणार नाही. आबा म्हणाले, "मग कुटं बसलं? वर एक तरी माणूस हुता का? समद्या बायाच हुत्या." साहेबांना वाटलं, म्हातारा तोंडावर खोटं बोलतोय. आबांना वाटलं, सायबाला वेड लागलंय. दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांच्या मधे मी उभी होते. साहेब माझ्याकडे वळले. "हंसाबाई, तुम्ही होतात. हे काय म्हणाले होते?"

"वर माणूस बसत नाही, असंच म्हणाले होते," मी म्हणाले. शब्द न् शब्द खरा. अशी सचोटी देव वैऱ्यालाही न देवो.

आबांनी निकाल दिला: बाया नाचल्या म्हणून तुळई मोडली. सज्ज्याच्या जिन्याला फळ्या ठोकल्या. बाया पुन्हा भिंतीबाहेर गेल्या, देवळाच्या नाही तर समाजमंदिराच्या, एवढाच फरक. आणि साहेब — ज्यांनी कधी कुणाला अरेतुरे केलं नव्हतं — ते म्हणायला लागले की ह्या लोकांच्या बोलण्यावर विसंबायचं नाही. ड्राफ्ट्समनना नवी नक्कल मिळाली, 'वर माणूस न्हाई बसत'. त्यावर मात्र मला हसता आलं नाही. बाकी सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं, आणि तेच मला सोसेना. एखाद्यानं मला चार शब्द सुनावले असते, शिवी दिली असती, तर बरं वाटलं असतं.

आषाढात एका रविवारी मी कुणाला न सांगता निघाले. कामशेतला गाडीतून उतरले, एसटीनं पवनेकडे गेले, पुढे चिखलातून चालत. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. सगळंच सांगायचं.

सोनामावशी पडवीत बसून डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. उजव्या मनगटाला बांबूच्या पट्ट्या बांधलेल्या. "तू त्या सायबाकडली ना? टेप धरनारी?"

"व्हय," मी म्हणाले.

मी ते ठरवून म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांनी ते आपोआप बाहेर पडलं, आणि पोळी उचलायला मामी तिथे नव्हती. मावशीनं सूप खाली ठेवलं. "आगं, तू तर आमच्यातलीच. कुटली?"

"कामशेतच्या अलीकडली."

"मंग त्या दिशी गप का हुतीस? आबा काय म्हनतोय ते तुला तर कळलं असंल."

झालं. मी चिखल तुडवत ज्या प्रश्नासाठी आले होते, तोच तिनं आपणहून माझ्यापुढे ठेवला. उत्तर तयार होतं. मी तोंड उघडलं — आणि बंद केलं. मावशीनं स्वतःच मान हलवली. "खरं हाय बाई. सायबापुढं बाईमानूस कुटं बोलतंय. आमी तरी आबापुढं कुटं बोलतो?" आणि मला चहा टाकायला आत गेली.

तिनं मला माफ केलं, पण मी जे केलं नव्हतं त्यासाठी. आणि मी तो चहा प्याले.

पण एक झालं. परत फिरायच्या आधी मी तिला ओसरीवर कोळशानं सज्जा काढून दाखवला. भार फळीवरून तुळईवर कसा येतो आणि तुळई मधे का वाकते, ते. हंड्याचंच उदाहरण दिलं, मोठ्यानं, पहिल्यांदा. तुळईखाली दोन खांब दिले तर तिला भिंतीपासून भिंतीपर्यंत एकटीनं पेलायचं काम राहत नाही, टप्प्याटप्प्यानं टेकता येतं. मावशीनं कोळशाच्या रेघांवर हात फिरवला. "म्हंजी आमी जड न्हवतो. तिला टेकूच न्हवता."

"व्हय, मावशी."

"मंग नाचलो त्याचं काय न्हाई ना?"

"काय न्हाई."

हे ऐकून तिचा चेहरा असा काही सुटला की मला कळलं, आजवर तिला खरंच वाटत होतं की दोष त्यांच्या नाचण्याचा आहे.

पुढचं तिनं केलं. आबा खांबांना तयार होईनात; मागच्या माणसांना बुवा दिसणार नाही. मावशी म्हणाली, मान वाकडी करा, आम्ही इतकी वर्षं भिताडाआडून नुसतं ऐकलं. तरी नाही म्हणतात म्हटल्यावर सगळ्या बायांदेखत तिनं त्यांना विचारलं, "आमी माणसांत मोडत न्हाई, तुळई तेवढी मोडतो व्हय? मंग फुडल्या सप्त्याच्या भाकरी बी माणसांनीच थापाव्या." आबांनी एक दिवस विचार केला. सप्त्याची पंगत आणि गावातल्या गड्यांचे हात, दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे आले असावेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना निरोप धाडला.

साहेब नाही म्हणतील असं मला वाटत होतं. पण निरोप ऐकून ते पेन्सिल उचलत म्हणाले, "कागद द्या." नवी तुळई, खाली दोन खांब, खांबांखाली दगडी बैठक. गिरवताना माझा हात इतका हलका झाला होता की ड्राफ्ट्समननी विचारलं, हंसाबाई आज गुणगुणताय काय? मी म्हटलं, "आमच्याकडची जात्यावरची ओवी आहे." — "तुमच्याकडची म्हणजे?" — "कामशेतकडची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या कागदाकडे पाहिलं. इतकंच झालं. ज्याला मी इतकी घाबरत होते ते एवढंच होतं, आणि त्यासाठी एका बाईचं मनगट गेलं.

काम पुरं झाल्यावर साहेब हट्टाला पेटले की आधी भार टाकून पाहायचा, मगच कुणी वर जायचं. भाताची पोती वर चढवा म्हणाले. तेव्हा पोत्यांकडे एकदा आणि जमलेल्या गड्यांकडे एकदा बघून सोनामावशी म्हणाली, "पोती कशापायी वाहायची? गावात माणसं हायत की."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग भिंतीशी उभ्या बाया हसायला लागल्या, मग साहेब हसले — त्या चैत्रानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. आबांना मागे सरता येईना. फेटा सावरून ते जिना चढले, त्यांच्या मागे सगळे गडी. दाटीवाटीनं बसले. साहेब खाली तुळईवर नजर लावून उभे. "उठा," ते म्हणाले. सगळे उठले. "उड्या मारा." आबांनी कठडा घट्ट धरून एक उडी मारली. तुळई बोलली नाही. खाली बाया बुवांच्या जागेपर्यंत येऊन उभ्या होत्या आणि माना वर करून आपल्या माणसांकडे बघत होत्या.

"हितनं तर लय झ्याक दिसतंय," आबा वरून म्हणाले.

"बास झालं. उतरा आता," सोनामावशी म्हणाली.

त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. माझं लग्न झालं, नोकरी सुटली नाही, मी ट्रेसरची ड्राफ्ट्समन झाले. ऑफिसात एक रिवाज पडला — मावळातलं काम असलं की साहेब मला पुढे करतात. मी विचारते: माणसं किती, बाया किती, पोरं किती, कोण कुठे बसणार, नाचणार का. नव्या पोरांना साहेब सांगतात, हे हंसाबाईंकडून शिका, भार कसा विचारायचा ते. मी मान खाली घालते. त्यांना ती विनयानं घातलेली वाटते.

सोनामावशी मागच्या थंडीत गेली. मनगटाला बाक राहिला होता. टाळ ती शेवटपर्यंत डाव्या हातानं वाजवायची आणि तोही ठेका न चुकता. दर चैत्रात मी सप्त्याला जायचे, तिच्या शेजारी बसायचे. दर वर्षी सांगायचं ठरवून जायचे. ती मला गर्दीत जागा धरून ठेवायची.

ह्या चैत्रात ती नव्हती. मी जिन्याशी पोहोचले तर पायरीवर एक परकरातली मुलगी बसलेली. म्हणाली, "वर न्हाई जागा. लय माणसं झाल्यात."

मी वर पाहिलं. नुसत्या बाया. कठड्याच्या गजांतून पोरांचे हात बाहेर आलेले. त्या मुलीला आपण काही वेगळं बोललो असं वाटलंच नव्हतं; ती पायरीवर सरकली आणि मला वाट करून दिली. मी वर गेले. कुणीतरी मांडी आवरली. काल्याला सगळ्या उठल्या तशी मीही उठले, आणि पायाखालची फळी जागची हलली नाही. सोनामावशी असती तर खूश झाली असती.

आता राहिलेलं सांगते.

इतकी वर्षं मी मावशीचं ते एक वाक्य पांघरून फिरले. सायबापुढं बाईमानूस कुटं बोलतंय. ऐकणाऱ्याला ते पटतं. त्या काळात बाईचं कोण ऐकत होतं, असं तुमच्याही मनात आलं असेल. साहेब ऐकत होते. जागा बघून झाल्यावर, जीपपाशी, बाकी कुणी जवळ नसताना, ते थांबले. हातातली पेन्सिल त्यांनी खिशात ठेवली. म्हणाले, "हंसाबाई, यांची बोली मला पुरती कळत नाही. विचारून खात्री केलेली बरी. आबा म्हणाले ते — वर कोणीच बसणार नाही, असंच ना?"

सोनामावशी लांबून आमच्याकडेच बघत होती.

मी म्हणाले, "हो. कोणीच नाही."